‘संशय आला’ आणि ‘संशय घेतला’ : मानसशास्त्रीय थरारकथेतील गुन्ह्याची व भावनेची शब्दकळा

मराठी रहस्यकथेचा विचार होतो तेव्हा तो बहुधा कथानकाचा असतो, किंवा वाचकवर्गाचा. खून कोणी केला, उकल कशी झाली, ही पुस्तके कोण वाचत होते, या प्रश्नांपाशी चर्चा थांबते. या कथा कोणत्या मराठीत लिहिल्या गेल्या, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला गौण वाटतो आणि साहित्याच्या अभ्यासकाला तर विचारण्याजोगाही वाटत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा एक भाग हाती घेतला आहे. मानसशास्त्रीय थरारकथा म्हणजे ज्या कथेत ‘कोणी केले’ यापेक्षा ‘करताना त्याच्या मनात काय होते’ याला महत्त्व येते ती कथा. अशा कथेत गुन्ह्याचे शब्द आणि भावनेचे शब्द शेजारी येतात. मराठीत हे शेजारी वेगवेगळ्या घराण्यांतून आलेले आहेत आणि त्यांचे व्याकरणही एक नाही. या भिन्नतेतून लेखकाला काय मिळते आणि भाषांतरकाराची कोठे अडचण होते, हे पाहावयाचे आहे.

आधी प्रकारनामांकडे पाहू. ‘रहस्यकथा’ हे नाव कथेत दडवलेल्या वस्तूवरून पडले. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६-१९९६) धनंजय, झुंझार, काळापहाड या नायकांना घेऊन हजाराहून अधिक कथा लिहिल्या, त्या या नावाखाली. नारायण धारपांच्या (१९२५-२००८) कथांना ‘भयकथा’ म्हटले गेले आणि रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) ‘गूढकथा’ हा शब्द रूढ केला. पुढे ‘थरारकथा’ आली. रहस्य उकलावयाचे असते, गूढ उकलले नाही तरी चालते, भय मनात असते आणि थरार अंगात. प्रकाराचे नाव वस्तूकडून मनाकडे आणि मनाकडून शरीराकडे सरकत गेले आहे. ‘मानसशास्त्रीय’ हे विशेषण लावूनही आपण नाम मात्र शरीराचेच ठेवले, ही गंमत नोंदवण्यासारखी आहे.

आता गुन्ह्याच्या शब्दांकडे. मराठीतील न्याय-दंडाची शब्दसंपत्ती मुख्यतः फारसी-अरबी वळणाची आहे : गुन्हा, फिर्याद, जबाब, कबुली, कैद, पंचनाम्यातला ‘नामा’, मुद्देमाल, फौजदार, हवालदार. तुरुंग आणि पिस्तूल पोर्तुगिजांनी दिले. शिवछत्रपतींच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशापासून विसाव्या शतकातील भाषाशुद्धीच्या चळवळीपर्यंत परकीय शब्दांना पर्याय देण्याचे मोठे प्रयत्न झाले. तरी चौकी आणि कचेरी यांची भाषा पुष्कळशी जुनीच राहिली. भावनांची शब्दसंपत्ती याउलट बहुतांशी संस्कृत आणि देशी आहे : भय, भीती, मत्सर, असूया, खंत, टोचणी, रुखरुख, धसका, धास्ती. दहशतीसारखे अपवाद आहेतच, पण विभागणी ढोबळमानाने अशी आहे. परिणामी गुन्हेगाराच्या मनात शिरणाऱ्या लेखकाला दर दोन वाक्यांनी एका घरातून दुसऱ्या घरात जावे लागते.

या दोन घरांमधला उंबरठा ‘गुन्हा’ आणि ‘अपराध’ या जोडीत सर्वांत स्पष्ट दिसतो. फारसीत ‘गुनाह’ म्हणजे पाप. हिंदी-उर्दूत तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत येताना शब्दाने पाप मागे ठेवले आणि तो कायद्याचा झाला. ‘अपराध’ हा शब्द कायद्यालाही चालतो, पण त्याचे खरे वास्तव्य नात्यात आहे. दोन्ही शब्दांच्या सोबत येणारी क्रियापदे पाहिली की हे पटते. गुन्हा नोंदवला जातो, दाखल होतो, शाबीत होतो. अपराध पोटात घातला जातो. पोटात घालणारी व्यक्ती वडीलधारी असते, पती किंवा पत्नी असते, देव असतो. भक्त देवापुढे स्वतःला अपराधी म्हणवतो, गुन्हेगार म्हणवत नाही. म्हणूनच ‘मला अपराधी वाटते’ हे सहज मराठी आहे आणि ‘मला गुन्हेगार वाटते’ हे कानाला खटकते. ‘मला गुन्हेगारासारखे वाटते’ असे म्हणता येते, पण त्यातला ‘सारखे’ हा शब्द सांगतो की ती केवळ उपमा आहे.

इंग्रजीतील ‘गिल्ट’ या एका शब्दात न्यायालयाने ठरवलेला दोष आणि मनाला लागलेली बोच दोन्ही मावतात. तिकडच्या थरारकथांची पुष्कळशी रचना या दुहेरीपणावर उभी आहे. मराठीत भाषांतर करताना प्रत्येक वेळी बाजू निवडावी लागते : दोषी की अपराधी? दस्तयेवस्कीच्या १८६६ मधील कादंबरीच्या नावापासूनच हा पेच सुरू होतो. नावातील रशियन शब्दाचा मूळ अर्थ ‘ओलांडून जाणे’ असा आहे, म्हणजे आपल्या ‘अतिक्रमण’, ‘उल्लंघन’ यांच्या जवळचा. ‘गुन्हा’ म्हटले तर रास्कोल्निकोव्ह फौजदाराच्या ताब्यात जातो आणि ‘अपराध’ म्हटले तर सोन्याच्या. ओलांडण्याची मूळ प्रतिमा दोन्हीकडे हरवते. हा मराठीचा उणेपणा मानण्याचे कारण नाही. मराठीत लिहिणाऱ्याला गुन्हा शाबीत झाला पण अपराधी वाटलेच नाही असा माणूस, किंवा कायद्याने निर्दोष पण रात्रंदिवस अपराधी असा माणूस, दोन शब्दांत उभा करता येतो.

‘खून’ या शब्दाची कथाही अशीच. फारसीत तो रक्त आहे. मराठीने रक्ताला रक्तच म्हटले आणि खून कृत्यासाठी राखून ठेवला. कायद्याच्या मराठीत ‘सदोष मनुष्यवध’ हा व्यापक प्रकार आणि ‘खून’ हा त्यातला अधिक गंभीर. ‘वध’ कथापुराणांत दुष्टाचा होतो आणि त्याला थोडे पुण्याचे वलय असते. तोच शब्द कायद्याच्या परिभाषेत ‘सदोष’ या विशेषणासह यावा, यात परिभाषाकारांची अडचण दिसते. ‘हत्या’ समासात सर्वाधिक जड होते : ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या, आत्महत्या. येथे पापाची जुनी यादी कायद्याच्या यादीत डोकावते. आकड्यांचेही शब्द होतात. ‘तीनशेदोन’ म्हणजे खून हे समीकरण १८६० च्या दंडसंहितेमुळे पिढ्यान्‌पिढ्या रुजले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आणि खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये गेली. नव्या संहितेतले कलम ३०२ धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. कथांमधला फौजदार मात्र अजून काही वर्षे ‘तीनशेदोन लावतो’ असेच म्हणत राहील, असा अंदाज करावयास हरकत नाही.

मृताला काय म्हटले जाते, हा थरारकथेतला भावनामापक आहे. पंचनाम्यात तो ‘मयत इसम’ असतो. वर्तमानपत्रात ‘मृतदेह’, रुग्णालयात ‘बॉडी’, स्मशानाच्या वाटेवर ‘प्रेत’. मारणाऱ्याच्या तोंडी ‘मुडदा’, आणि घरच्यांच्या तोंडी यांपैकी काहीच नाही, तेथे ‘हे’, ‘ती’, ‘बाळू’. चांगला लेखक हे नुसते बदलत नाही, तर कोणाच्या तोंडी कोणता शब्द अडतो ते दाखवतो. जबाब देणाऱ्या पत्नीला अंमलदार विचारतो, ‘मयताला शेवटचे कधी पाहिले?’ आणि ती उत्तरते, ‘ह्यांना सकाळी डबा दिला तेव्हा.’ ‘मयत’ आणि ‘ह्यांना’ यांच्यामध्ये जे अंतर आहे ते वर्णनाच्या चार ओळींनी भरून येणार नाही.

भीतीच्या शब्दांत मराठी विलक्षण श्रीमंत आहे आणि ही श्रीमंती केवळ संख्येची नाही. दचकणे क्षणाचे असते, धसका टिकतो. धास्ती पुढे घडणाऱ्याची असते. धाक वरच्याचा खालच्याला असतो आणि त्यात आदराचा अंश असू शकतो, दहशतीत तो नसतो. चरकणे म्हणजे नुसते भिणे नव्हे, तर काहीतरी अशुभ एकाएकी उमगणे. यातले कितीतरी शब्द ‘ध’ने सुरू होतात : धडधड, धडकी, धस्स, धसका, धपापणे. भयाचा आवाज मराठी कानाने छातीतून ऐकला आहे. भयाची जागा छाती, काळीज आणि पोट. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होते, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. ‘पाचावर धारण बसणे’ यात तर शरीरही नाही, धान्याचा भाव आहे. धारण म्हणजे दर. दुष्काळातल्या बाजाराची आठवण भीतीच्या वाक्प्रचारात जपली गेली आहे.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या थरारकथांत वारंवार भेटणारी ‘पाठीच्या कण्यातून सरसरत गेलेली थंड लहर’ कोठून आली हे सांगावयास नको. आपल्या बोलण्यात कणा मोडतो, ताठ असतो, पण तो भीत नाही. असे शब्दप्रयोग रुळूही शकतील. भाषा अशीच वाढते. तक्रार इतकीच की लहर सगळ्यांच्या पाठीतून एकसारखीच जाते. जमीनदाराच्या पोटातला गोळा आणि त्याच्या गड्याला बसलेला धसका यांतला भेद ती पुसून टाकते.

शब्दांपेक्षाही महत्त्वाचे आहे ते व्याकरण, आणि येथे थोडे थांबावे लागेल. ‘त्याला राग आला’, ‘तिला भीती वाटली’, ‘मला दया आली’ या वाक्यांत व्याकरणदृष्ट्या कर्ता राग, भीती, दया हा आहे. माणूस ‘ला’ लागून उभा आहे. भावना बाहेरून येते आणि माणूस ती येते ती जागा असतो. गुन्ह्याच्या वाक्यात हे उलटते : ‘त्याने गळा दाबला’, ‘तिने विष कालवले’. ‘ला’चा ‘ने’ होतो. मानसशास्त्रीय थरारकथेचा सगळा प्रदेश या दोन प्रत्ययांच्या मधला आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ज्याला राग आला त्याने खून केला. ‘ज्याला’ आणि ‘त्याने’ यांच्या दरम्यान काय घडले, हे सांगणे हेच या कथेचे काम.

मराठीने या मधल्या प्रदेशातही पायऱ्या ठेवल्या आहेत. राग येतो, मग तो गिळला जातो किंवा धरला जातो आणि शेवटी काढला जातो. ‘राग आला’ यात माणूस ग्रहण करणारा, ‘राग धरला’ यात तो कर्ता, आणि ‘राग काढला’ यात तर राग ज्याच्यामुळे आला त्याच्यावरच निघेल अशी शाश्वतीही नाही. हेवा वाटतो आणि हेवा केलाही जातो. डूख मात्र कधीच येत नाही, तो धरावाच लागतो. सूड घ्यावा लागतो, दावा साधावा लागतो. भावनांचे हे दोन वर्ग, येणाऱ्या आणि धरलेल्या, कोणा वैयाकरणाने नीतिशास्त्र म्हणून मांडलेले नाहीत. पण बोलणाऱ्यांच्या पिढ्यांनी कोणत्या भावनेसाठी माणसाला जबाबदार धरावयाचे, हे त्यांत नोंदवून ठेवले आहे.

कायदाही नेमका हाच भेद करतो. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाने आत्मसंयम सुटून केलेला मनुष्यवध खून ठरत नाही, असा अपवाद जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०० ला होता आणि तो नव्या संहितेच्या कलम १०१ मध्येही आहे. १९५९ साली मुंबईत घडलेल्या नानावटी प्रकरणाचा एक भाग याच अपवादावर लढला गेला. पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध सांगितले, नौदलातील अधिकारी असलेल्या पतीने जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि प्रेम आहुजांच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष म्हटले, सत्र न्यायाधीशांना ते मान्य झाले नाही, उच्च न्यायालयाने दोषी ठरवले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते आणि तेवढ्या अवधीत मन ताळ्यावर येण्यास पुरेसा वेळ होता, असे न्यायालयाने मानले. आपल्या भाषेत सांगावयाचे तर राग ‘येण्याची’ मुदत संपून तो ‘धरण्याची’ सुरू झाली होती. बचावाचा दुसरा भाग असा होता की झटापटीत गोळ्या चुकून उडाल्या. ‘गोळी सुटली’ आणि ‘गोळी झाडली’ : मराठीत या दोन क्रियापदांमध्ये जन्मठेपेचे अंतर पडते.

‘सुटली’सारखाच एक सोयीचा दरवाजा म्हणजे ‘हातून’. ‘माझ्या हातून खून झाला’ या वाक्यात माणूस आहे, पण कर्ता म्हणून नाही, हात आहे पण तो जणू वाट आहे, कृत्य तेथून निघून गेले. कप फुटतो तोही हातूनच. कबुली देणारे पात्र ‘मी मारले’ म्हणते की ‘माझ्या हातून घडले’ म्हणते, यावर वाचकाने त्याच्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरत असते. आरोपी पहिल्यांदा ‘हातून’ म्हणतो आणि शेवटच्या प्रकरणात ‘मी’ म्हणतो, एवढ्या बदलावर एखादी कथा तोलून धरता येईल.

प्रथमपुरुषी निवेदनात मराठीपाशी आणखी एक साधन आहे. त्याचा उपयोग व्हावा तितका झालेला नाही. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात ‘मी’चे लिंग कळत नाही : ‘मी दार उघडले. पत्र जाळले. राख हौदात सोडली.’ हे पुरुष सांगतो की स्त्री, ते वाक्य सांगत नाही. ‘मला झोप लागली नाही’ यातही ते दडलेले राहते, आणि ‘मी रोज तेथे जात असे’ यातही. पण ‘मी दचकलो’ किंवा ‘मी दचकले’ म्हणताच पडदा पडतो. म्हणजे निवेदकाला स्वतःची ओळख लपवावयाची असेल तर त्याने कृत्ये खुशाल सांगावीत, परंतु दचकणे, घाबरणे, बावरणे, शहारणे यांपासून सावध राहावे. अशा निवेदकाला मराठीत कृत्य उघडे पाडत नाही, भावना उघडी पाडते. ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२६ मधील रॉजर ॲक्रॉइडच्या कथेत निवेदकच खुनी निघतो. (ही उकल आता फोडण्यात फारसे पाप नाही.) तेथे सारी भिस्त सांगताना गाळलेल्या अवधीवर आहे. मराठीत असे गाळणे क्रियापदाच्या रूपातच करता येते. कोल्हापूर-सांगलीकडे स्त्रियांच्या बोलण्यातही ‘मी जातो’, ‘मी आलो’ ऐकू येते. एखाद्या चतुर लेखकाने या बोलीविशेषाचा दुवा म्हणून उपयोग करावा, असे सुचवावेसे वाटते. तृतीयपुरुषात जुन्या रहस्यकथेने वेगळा उपाय शोधला होता. तेथे खिडकीजवळून ‘आकृती’ सरकते, ‘सावली’ हलते, ‘व्यक्ती’ पसार होते. तिन्ही शब्द स्त्रीलिंगी. मागे पुरुष असो वा स्त्री, क्रियापद काही बोलत नाही.

कृत्यानंतरच्या मनासाठी लोकभाषेने आधीच सूत्रे करून ठेवली आहेत. चोराच्या मनात चांदणे : बाहेर अंधार असला तरी त्याला आपण दिसतो आहोत असे वाटत राहते. खाई त्याला खवखवे : येथे दोष घशातून बोलतो. या म्हणींतले मन पश्चात्तापाने पोळलेले नाही, ते पकडले जाण्याच्या धास्तीने जागे आहे. पश्चात्तापाचे शब्द वेगळे आहेत आणि त्यांचे वजनही वेगळे आहे. रुखरुख राहून गेलेल्या गोष्टीची असते, बोच लहान पण तीक्ष्ण, खंत दीर्घ, टोचणी वारंवार. ‘मन खाते’ यात तर मनच कर्ता होते. भाषांतरित थरारकथांत या सर्वांऐवजी ‘पश्चात्तापाची भावना’ एवढेच उरते, तेव्हा धास्ती आणि खंत यांतला फरक, म्हणजेच पात्राचे चारित्र्य, हातचे जाते.

कबुलीजबाबाची मौज याच ठिकाणी. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ हे सांगत होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २३ हेच सांगते. कथेतले कबुलीचे प्रकरण मात्र बहुधा चौकीतच घडते. कायद्याला निरुपयोगी असलेले हे निवेदन कथेला सर्वांत मोलाचे असते, कारण तेथे गुन्ह्याची भाषा गळून अपराधाची भाषा सुरू होते. याच्या नेमके उलट टोक म्हणजे आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२). नकाराचे ते तीन शब्द नाटकातून निघून रोजच्या बोलण्यात जाऊन बसले.

मानसशास्त्राने दिलेल्या परिभाषेविषयी थोडक्यात. ‘गंड’ म्हणजे मुळात गाठ, फोड. न्यूनगंड, अहंगंड, अपराधगंड हे शब्द त्यामुळे ऐकणाऱ्याला चटकन शरीरात जाणवतात. ‘जाणीव-नेणीव’ ही जोडी संतवाङ्मयातली. तेथे नेणीव म्हणजे अज्ञान, येथे ती मनाचा न दिसणारा थर झाली. हे शब्द उत्तम आहेत. अडचण होते ती लेखक त्यांचा उकल म्हणून वापर करतो तेव्हा. अखेरच्या चार पानांत डॉक्टर येतात, ‘दुभंग व्यक्तिमत्त्व’ असे निदान करतात आणि सारे उलगडते. निदान म्हणजे उलगडा नव्हे. शिवाय मनोरुग्ण म्हणजे खुनी असे समीकरण त्यातून फुकट पसरते, त्याची किंमत कथेबाहेरच्या माणसांना मोजावी लागते.

आता शीर्षकातल्या जोडीकडे. ‘संशय’ हा शब्द दोन्ही वर्गांत बसतो : तो येतो आणि तो घेतलाही जातो. रहस्यकथेतल्या गुप्तहेराला संशय येतो. चिखलातला ठसा, बंद पडलेले घड्याळ, जबाबातली विसंगती यांमुळे तो येतो, म्हणून त्याला बाहेर आधार असतो. मानसशास्त्रीय थरारकथेतला नवरा संशय घेतो. त्याला ठसा लागत नाही, बायको पाच मिनिटे उशिरा आली एवढे पुरते. एका क्रियापदाच्या बदलाने रहस्यकथा मानसशास्त्रीय होते.

वर्तमानपत्राच्या भाषेने मात्र हा भेद मिटवून टाकला आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ हा मथळा आपण सर्वांनी वाचला आहे. त्यात चारित्र्य कोणाचे ते कळते, कारण पत्नीचा उल्लेख आहे. संशय कोणाचा ते कळत नाही. ‘वरून’ या प्रत्ययाने संशय घेणारा माणूस गाळला जातो आणि संशय जणू त्या स्त्रीच्या चारित्र्याचाच एक गुण असल्यासारखा तिला चिकटून राहतो. ‘रागाच्या भरात’ याचेही तेच. भर म्हणजे ओतप्रोतपणा. राग हे भांडे आणि माणूस त्यात सापडलेला, मग कृत्य कोणाचे म्हणावे? पदव्युत्तर वर्गात कर्मणी आणि भावे प्रयोग शिकवताना असे दहा मथळे फळ्यावर लिहून प्रत्येकात ‘ने’ कोठे गेला ते शोधावयास सांगितले, तर व्याकरणाच्या तासालाही वेगळी धार येईल. कथालेखकाने तर हा ‘ने’ परत आणलाच पाहिजे. संशयावरून खून झाला नाही, त्याने संशय घेतला, आज थोडा, उद्या थोडा, आणि मग खून केला.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) थरारनाट्य म्हणून कोणी वाचत नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ते वाचण्याजोगे आहे. वेळ घालवण्यासाठी मांडलेल्या खोट्या खटल्यात आरोपी, साक्ष, आरोपपत्र हे शब्द खेळातले म्हणून वापरले जातात. लीला बेणारेवर ठेवलेला आरोपही खेळातलाच, भ्रूणहत्येचा. पाहता पाहता गुन्ह्याचे ते पापवाचक नाव तिच्या खऱ्या आयुष्याला जाऊन चिकटते आणि साक्षीदारांचे आजवर मनात धरलेले सारे काही न्यायालयीन भाषेच्या आडून बाहेर काढले जाते. संशय घेणारे सगळे तेथे हजर असतात. प्रोफेसर दामले तेवढे शेवटपर्यंत रंगमंचावर येत नाहीत.